आजारी गोया, त्याचा डॉक्टर आणि चित्रातला मूड नेमका येतो कुठून

सध्या फोनवर जुन्या युरोपियन चित्रांच्या रील्स भरपूर फिरतात. गंभीर आवाज, हळूहळू झूम होत जाणारा कॅमेरा आणि मग यादी सुरू होते, लाल रंग म्हणजे रक्त, पेला म्हणजे विष, मागचा काळोख म्हणजे मृत्यू, कोपऱ्यातला चेहरा म्हणजे सैतान. दुसऱ्या बाजूला म्युझियमच्या पाट्या आणि कलेवरची पुस्तकं असतात, त्यात "एक गूढ, विषण्ण वातावरण" असं एक वाक्य टाकलेलं असतं आणि पुढे काहीच नाही, म्हणजे विषण्ण कशामुळे, कुठे बघून कळलं, ते वाचणाऱ्याने आपलं आपण शोधायचं. साध्या माणसाला यातलं दोन्ही परकंच वाटतं आणि तो म्हणतो जाऊ दे, आपल्याला चित्रातलं काही कळत नाही.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. चित्राचा मूड ही हवेत तरंगणारी गोष्ट नाहीये, तो चित्रातल्या अशा गोष्टींतून येतो ज्यांच्यावर बोट ठेवता येतं. आणि प्रतीक म्हणजे शब्दकोशातला अर्थ नाही की लाल बघितला की रक्त असं लावून मोकळं व्हायचं, त्याला पुरावा लागतो. हे दोन्ही नीट समजायला एकच चित्र पुरेसं आहे, फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराने १८२० साली काढलेलं स्वतःचं आणि त्याच्या डॉक्टरचं चित्र. डॉक्टरचं नाव अरिएता. मूळ चित्र आज अमेरिकेत मिनीॲपोलिसच्या म्युझियममध्ये आहे, आणि नेटवर ते सहज सापडतं, त्यामुळे शक्य असेल तर एका बाजूला उघडून ठेवा आणि मग पुढे वाचा.

## आधी नुसतं बघू, अर्थ नंतर

चित्र फार मोठं नाही, उंची साधारण पावणेचार फूट आणि रुंदी अडीच फूट. त्यात एक म्हातारा माणूस पलंगावर अर्धवट बसलाय, म्हणजे बसलाय असं म्हणायचं पण त्याला बसवलंय. अंगात राखाडी झगा, डोकं मागे कललेलं, तोंड जरासं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. हाच गोया. त्याच्या मागून त्याला धरून हिरव्या कोटातला एक तरुण दिसणारा माणूस, एक हात म्हाताऱ्याच्या पाठीमागून खांद्याला आधार देणारा आणि दुसऱ्या हातात काचेचा पेला, जो तो त्याच्या ओठांजवळ नेतोय. हा डॉक्टर अरिएता. पुढे लाल पांघरूण. मागे जवळजवळ काळोख आणि त्या काळोखात नीट न दिसणारे काही चेहरे. आणि सगळ्यात खाली एक पट्टी, तिच्यावर गोयाने स्पॅनिशमध्ये काही ओळी लिहिल्यात.

एवढंच आहे. राजवाडा नाही, देवदूत नाहीत, वादळ नाही, कवटी नाही.

## रोमँटिक काळ, मूड, प्रतीक: तीन शब्द एकदाच सांगून टाकतो

रोमँटिक काळ म्हणजे युरोपात साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. त्याआधी कलेत शिस्त, तोल, बुद्धी यांना मान जास्त होता, या काळात चित्रकार आणि कवी माणसाच्या आत काय चाललंय तिकडे वळले, म्हणजे भीती, एकटेपणा, वेड, स्वप्नं, निसर्गापुढचं लहानपण वगैरे. गोया (जन्म १७४६) या सगळ्याच्या उंबरठ्यावरचा माणूस, अर्धं आयुष्य राजदरबारी चित्रकार म्हणून नीटनेटकी व्यक्तिचित्रं काढलेला आणि उरलेलं अर्धं त्या नीटनेटकेपणाच्या आत काय दडलंय ते काढणारा.

मूड म्हणजे चित्र बघताना जी भावना आपल्यात तयार होते ती. आणि प्रतीक म्हणजे चित्रातली अशी वस्तू जी स्वतःपेक्षा जास्त काहीतरी सांगते.

या दोघांची गल्लत फार होते. फरक बघायचा असेल तर फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदने १८१२ मध्ये काढलेलं नेपोलियनचं अभ्यासिकेतलं चित्र घ्या. मागच्या घड्याळात चार वाजून तेरा मिनिटं झालीत, मेणबत्ती जळून संपत आलीये, टेबलावर कायद्याचे कागद आहेत आणि त्यावर 'कोड' एवढा शब्द वाचता येतो, खुर्चीवर तलवार ठेवलीये. सगळ्या वस्तू मिळून एकच वाक्य बोलतात, की बादशहा रात्रभर जागून तुमच्यासाठी कायदे करत होता आणि आता पहाट झाली. इथे प्रतीकं भरपूर आहेत, चोख आहेत, पण मूड म्हणाल तर थंड. चित्र आपल्याला माहिती देतं, आपल्या पोटात काही हलवत नाही. नेपोलियन आपल्याकडे बघतोय आणि आपण त्याच्याकडे आदराने बघावं एवढीच अपेक्षा आहे.

गोयाच्या चित्रात बरोबर उलटं आहे. वस्तू जेमतेम दोन-तीन, आणि तरी बघताना घसा आवळतो. मग हे येतं कुठून?

## मूडवर बोट ठेवता येतं

सगळ्यात आधी हात बघा. गोयाचे स्वतःचे हात. चेहऱ्याकडे बघून आपल्याला वाटतं की हा माणूस बेशुद्धीच्या काठावर आहे, आता गेला की मग गेला, पण खाली त्याच्या हातांनी पांघरूण घट्ट धरलंय. बोटं ढिली नाहीयेत. चेहरा सोडून द्यायला निघालाय आणि हात सोडत नाहीयेत, एकाच शरीरात दोन विरुद्ध गोष्टी चालल्यात, आणि चित्रातला जो ताण आपल्याला जाणवतो पण सांगता येत नाही तो बराचसा इथून येतो. चेहरा झाकून फक्त हात बघा, मग हात झाकून फक्त चेहरा बघा, दोन वेगळी चित्रं दिसतील.

मग वजन. कोणत्याही आजारी माणसाला उठवून औषध पाजलेलं असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. माझ्या आजीला शेवटच्या दिवसांत आम्ही असंच पाजायचो, एक हात पाठीमागे घालायचा, तिचं सगळं वजन आपल्या खांद्यावर घ्यायचं, डोकं लुढकू द्यायचं नाही आणि दुसऱ्या हाताने वाटी ओठाला लावायची, आणि तिला नको असायचं तरी हळूहळू घोट घोट द्यायचा. गोयाने ते वजन अगदी तसंच काढलंय. डॉक्टर नुसता शेजारी उभा नाहीये, दोघांची शरीरं एकमेकांत गुंतलीत, डॉक्टर बाजूला झाला तर म्हातारा पडेल हे डोळ्यांना आधी कळतं, मग डोक्याला.

तिसरी गोष्ट रंगाची, पण रील्सवाल्या पद्धतीने नाही. एक चेहरा फिकट, रक्त उतरलेला, आणि त्याला लागून दुसरा चेहरा धडधाकट, रंग असलेला. दोन्ही इतके जवळ ठेवलेत की तुलना टाळताच येत नाही. लाल पांघरूण रक्ताचं प्रतीक आहे का? मला तसं मानायला काही कारण दिसत नाही, ते पांघरूण आहे, त्याचं काम आहे की मागच्या काळोखातून ही दोन माणसं आपल्याकडे ढकलायची, आणि वरच्या फिकटपणाला खाली काहीतरी ऊब द्यायची. ते काम ते करतं, त्याला रक्त म्हटल्याने चित्रात काही भर पडत नाही.

आणि चौथी गोष्ट म्हणजे दोघांपैकी कोणीच आपल्याकडे बघत नाही. व्यक्तिचित्रात हे फार विचित्र आहे, कारण व्यक्तिचित्र काढून घेणारा माणूस सहसा बघणाऱ्यासाठीच बसलेला असतो. इथे डॉक्टरचं सगळं लक्ष पेशंटमध्ये आणि पेशंटचं लक्ष कशातच नाही. आपण खोलीच्या दारात उभे आहोत आणि आत कोणाला आपली दखल घ्यायला वेळ नाही असं काहीसं होतं.

यात अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, अर्थात हे माझं वाचन आहे. गोया बहिरा होता. १७९२-९३ मध्ये त्याला एक भयंकर आजार झाला होता, त्यातून तो वाचला पण ऐकू येणं कायमचं गेलं. म्हणजे या चित्रातला प्रसंग घडला तेव्हा तो सत्तावीसएक वर्षं काहीही ऐकू न येणारा माणूस होता. डॉक्टरने "घ्या, एवढं घ्या, बरं वाटेल" असं काहीही म्हटलं तरी ते पोचणार नव्हतं, आणि डोळे मिटत असताना ओठ वाचणं किंवा हातांच्या खुणा बघणं तेही बंद. मग उरला फक्त स्पर्श. डॉक्टरचा धीर त्याच्यापर्यंत फक्त त्या खांद्यावरच्या हातातून पोचू शकत होता, आणि चित्रात सगळ्यात जास्त जोर त्याच हातावर आहे. हे माहीत झाल्यावर मला त्या चित्रातली शांतता वेगळी वाटायला लागली.

## खाली लिहिलंय काय? इथे नवस आठवा

खालच्या पट्टीवरचा मजकूर साधारण असा आहे: गोया कृतज्ञतेने आपल्या मित्राला, अरिएताला, १८१९ च्या अखेरीस वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी झालेल्या तीव्र आणि धोकादायक आजारात त्याने ज्या हुशारीने आणि काळजीने माझा जीव वाचवला त्याबद्दल. १८२० मध्ये रंगवलं.

आता हे वाचून आपल्याला वाटेल की छान, आभारपत्र आहे. पण स्पेनमधल्या त्या काळच्या माणसाला ही पट्टी बघून आधी काहीतरी दुसरंच आठवलं असतं.

आपल्याकडे नवस कसा असतो? घरात कोणी मरणाच्या दारात असतं, आई किंवा बायको देवाला बोलते, माणूस वाचतो, आणि मग जे बोललंय ते देवळात नेऊन वाहायचं, म्हणजे नवस फेडायचा. कॅथलिक जगात अगदी हेच चालतं आणि ते बघायला स्पेनला जायचीही गरज नाही, मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीला जा, बाहेर मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं विकायला असतात, ज्याचा पाय बरा व्हायचाय किंवा झालाय तो मेणाचा पाय वाहतो, आणि वाहणारे फक्त ख्रिश्चन नसतात. स्पेनमध्ये याचा एक प्रकार चित्रांचा होता. नवस फेडायला काढलेली अशी चित्रं चर्चमध्ये लावायचे, त्याला एक्स-व्होटो म्हणतात. त्याचा साचा ठरलेला, पलंगावर आजारी माणूस, भोवती घरातले, वर एका कोपऱ्यात ढगात मेरी किंवा एखादा संत, आणि खाली पट्टीवर मजकूर की अमुक साली अमुक माणसाला अमुक आजार झाला आणि अमुक संताच्या कृपेने तो बरा झाला.

गोयाने हा साचा जसाच्या तसा घेतला. पलंग आहे, आजारी माणूस आहे, मागे माणसं आहेत, खाली पट्टी आहे, साल आहे, आजार आहे, आभार आहेत. फक्त संत नाहीये. ढगातली जागा काळोखाने भरलीये आणि जीव वाचवणारा वरून बघत नाहीये, तो पलंगावर येऊन पाठीला हात लावून बसलाय, त्याच्या हातात पेला आहे आणि त्याचं नाव अरिएता आहे.

माझ्या मते या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. नवसाचं चित्र, आणि नवस फेडलाय तो डॉक्टरला.

## मग पेला म्हणजे नुसता पेला नाही तर

इथे आपण प्रतीकावर आलो, आणि पुराव्याची गरज इथेच पडते. अनेक अभ्यासक म्हणतात की हा पेला नुसता औषधाचा नाही, ख्रिश्चन चित्रांमधल्या पवित्र पेल्याची सावली त्यावर आहे. ऐकायला हे ओढूनताणून वाटतं. पण गोया आजारी पडायच्या आधीच्या काही महिन्यांत काय काढत होता ते बघा.

१८१९ मध्येच त्याने माद्रिदमधल्या एका धार्मिक शाळेच्या चर्चसाठी मोठं चित्र केलं, संत होसे दे कालासान्स याचा शेवटचा प्रसाद. त्यात एक म्हातारा, मरणाच्या जवळ आलेला संत गुडघे टेकून बसलाय, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि धर्मगुरू वाकून त्याच्या तोंडात प्रसाद ठेवतोय, मागे काळोखात माणसांची डोकी. त्याच वर्षी त्याने त्याच लोकांना एक छोटं चित्र दिलं, ऑलिव्हच्या डोंगरावरचा येशू. पकडलं जाण्याच्या आदल्या रात्री येशू घाबरलाय, हात पसरलेत, आणि काळोखातून एक देवदूत प्रकाशात पेला घेऊन येतोय. बायबलमध्ये येशू त्या रात्री म्हणतो की हा पेला माझ्यापासून दूर होऊ दे, म्हणजे पुढचं दुःख टळू दे.

उघडं तोंड, मिटलेले डोळे, वाकलेला माणूस जो काहीतरी तोंडाशी नेतोय, काळोख, पेला. गोयाचा हात १८१९ मध्ये हेच काढत होता आणि १८२० मध्ये स्वतःचं चित्र काढताना तोच हात पुन्हा चालला. म्हणून पेल्यात धार्मिक छटा आहे हे मी मान्य करतो, कारण तो पुरावा त्याच माणसाच्या, त्याच काळातल्या कामात आहे. मागून आधार दिलेलं लुळं शरीर बघून बऱ्याच जणांना पिएता आठवतं, म्हणजे क्रुसावरून उतरवलेल्या येशूला धरून बसलेली मेरी, आणि ते साम्यही दिसतं. पण बघा, पिएतामधला माणूस मेलेला असतो. हा पांघरूण धरून बसलाय.

आणि डॉक्टर! गोयाला डॉक्टरांबद्दल आधी काय वाटायचं तेही आपल्याला माहितीये. १७९९ मध्ये त्याने 'कॅप्रिचोस' नावाची ऐंशी छापील चित्रांची मालिका काढली, समाजातल्या मूर्खपणावर आसूड ओढणारी. त्यातल्या चाळिसाव्या चित्रात पलंगावर रोगी आहे आणि त्याची नाडी बघतोय एक गाढव, सुटाबुटातलं. खाली ओळ आहे: हा कोणत्या आजाराने मरेल? म्हणजे डॉक्टर नावाच्या प्राण्यावर विश्वास नसलेला हा माणूस, आणि वीसएक वर्षांनी तो एका डॉक्टरला संताच्या जागी बसवतो. हे शेजारी शेजारी ठेवल्यावर खालच्या पट्टीवरच्या "हुशारीने आणि काळजीने" या शब्दांना वजन येतं, ते शिष्टाचाराचे राहत नाहीत.

## "पण हे सगळं तुम्ही मनाने लावताय, त्याने एवढा विचार केला होता कशावरून?"

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. बरेच अर्थ खरंच मनाने लावलेले असतात.

पण या चित्रात एक गोष्ट आहे जी विसरता येत नाही. हे स्व-चित्र आहे. अर्धे डोळे मिटलेला, डोकं मागे कललेला, पेला घेता येत नाही असा माणूस आरशात बघून ब्रश चालवत नसतो. गोयाने स्वतःला त्या अवस्थेत कधी पाहिलेलंच नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं. तो बरा झाला, उठला, आणि मग शुद्धीवर असलेल्या डोक्याने ठरवलं की मी असा दिसत असेन, माझे हात असे असतील, डॉक्टर इथे, काळोख एवढा. चित्रातली एकही गोष्ट आपोआप आलेली नाही. कॅमेऱ्याच्या फोटोत कोपऱ्यात चुकून एखादी वस्तू येते, इथे प्रत्येक वस्तू कोणीतरी काढली म्हणून आहे आणि जे नाही ते कोणीतरी काढलं नाही म्हणून नाही.

आणि त्याने काय निवडलं ते बघा. तो राजाचा पहिला चित्रकार होता, त्याला हवं असतं तर डॉक्टरचं झकास, छाती पुढे काढलेलं, हातात पुस्तक घेतलेलं चित्र काढून भेट देता आलं असतं, त्याने अशी डझनावारी चित्रं काढली होती. त्याऐवजी त्याने स्वतःला सगळ्यात लाचार क्षणी दाखवलं, कारण आभार मानायचे तर मी किती खाली गेलो होतो ते दाखवायलाच हवं, नाहीतर समोरच्याने किती वर ओढलं ते कळणार कसं.

माझी कसोटी साधी आहे. एखाद्या गोष्टीला प्रतीक म्हणायचं तर किमान एका बाजूने तरी आधार हवा, चित्रातून, चित्रकाराच्या दुसऱ्या कामातून, किंवा त्या काळच्या लोकांच्या सवयीतून. नवसाच्या साच्याला दोन आहेत, खालची पट्टी आणि त्या काळची सवय. पेल्यालाही दोन आहेत, गोयाची १८१९ ची चित्रं आणि ख्रिश्चन चित्रांची सवय. लाल पांघरूण म्हणजे रक्त याला एकही नाही.

## मग मागचे ते चेहरे कोण?

सगळ्यात जास्त रील्स यावरच आहेत. काळोखात काही चेहरे आहेत हे नक्की, कोणाचे ते गोयाने लिहिलेलं नाही. काही जण म्हणतात घरातली माणसं, नोकर, शेजारी, जसे नवसाच्या चित्रात असतातच. काही म्हणतात त्यात मरणाआधीचा शेवटचा विधी करायला आलेला धर्मगुरू आहे. काही म्हणतात या नियतीच्या तीन देवता, ज्या माणसाच्या आयुष्याचा धागा कातून शेवटी कापतात, आणि त्यांचं चित्र गोयाने पुढे आपल्या घराच्या भिंतीवर खरंच काढलंही. काही म्हणतात तापाच्या भरात त्याला दिसलेले भास.

मला यातलं एक निवडावंसं वाटत नाही, आणि हे मी कंटाळा म्हणून म्हणत नाहीये. गोयाला चेहरे स्पष्ट काढता येत नव्हते असं तर नाही, अरिएताचा चेहरा बघा, किती स्पष्ट काढलाय. मागचे त्याने मुद्दाम तसे ठेवले. तापात पडलेल्या माणसाला खोलीतली माणसं अशीच दिसतात, कोण आलंय, कोण गेलंय, आपलं आहे की परकं, कळत नाही. म्हणजे ते न कळणं हाच तिथला अर्थ असेल तर त्यांना नावं देऊन आपण चित्र सोपं करतो पण लहानही करतो. रोमँटिक काळातल्या चित्रांत हे वारंवार भेटतं, सगळं उलगडून सांगायचं नाही ही त्या चित्रकारांनी जाणूनबुजून घेतलेली मोकळीक होती.

## "चेहरा उदास आहे म्हणजे चित्रकार डिप्रेशनमध्ये होता, सरळ आहे की"

सरळ नाही. इथे जरा सावध राहायला हवं कारण हा मोह फार असतो.

गोयाने १८१९ मध्ये माद्रिदबाहेर एक घर घेतलं आणि साधारण १८२० ते १८२३ या काळात त्याच्या भिंतींवर चौदा भयानक चित्रं रंगवली, आपल्याच पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न वगैरे, त्यांना आज 'काळी चित्रं' म्हणतात आणि भिंतींवरून कॅनव्हासवर काढून घेतलेली ती माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहेत. मग लोक उलटं चालतात, की बघा पुढे त्याने असली चित्रं काढली म्हणजे डॉक्टरच्या चित्रातही तो निराशच असणार. पण डॉक्टरच्या चित्राला त्याचा स्वतःचा मजकूर आहे आणि तो आभाराचा आहे. चित्रात भीती आहे, नक्की आहे, पण ती मागे वळून पाहिलेली भीती आहे, वाचलेल्या माणसाने आठवलेली. भीती आणि कृतज्ञता एकाच चौकटीत असू शकतात, आयसीयूतून माणूस घरी आणलेल्या कुठल्याही कुटुंबाला हे विचारा.

मथळा किंवा गोष्ट आधी कळली की आपल्याला चेहऱ्यात तेच दिसतं, याचं एक जबरदस्त उदाहरण त्याच काळातलं आहे. फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको याने १८२० च्या आसपास मनोरुग्णांची काही व्यक्तिचित्रं काढली, दहा होती असं सांगतात, त्यातली पाच जगाला माहीत झाली ती १८६३ मध्ये एका जुन्या पेटीतून सापडल्यावर. त्यातल्या एका म्हातारीच्या चित्राला 'मत्सराने वेडी' असं काहीसं नाव आहे आणि ते आज फ्रान्समध्ये लियों शहरात आहे. नाव वाचून चित्र बघितलं की त्या लाल कडांच्या डोळ्यांत मत्सर अगदी काठोकाठ दिसतो. पण ही नावं जेरिकोने चित्रावर लिहिलेली नाहीत, ती सापडल्यानंतरच्या वर्णनातून आलीत. नाव झाकून तेच चित्र कोणाला दाखवा, कोणाला थकलेली बाई दिसेल, कोणाला रागावलेली, कोणाला कोणाची तरी वाट बघणारी. जेरिकोच्या त्या चित्रांत मागे काहीही नाही, हातात काही नाही, प्रतीक एकही नाही, नुसता चेहरा आणि प्रकाश, आणि तरी मूड इतका दाट की नजर हलत नाही. त्याचं मोठेपण मला यात वाटतं की त्याने त्या माणसांना तमाशा म्हणून काढलं नाही, एखाद्या श्रीमंत गिऱ्हाईकाला जेवढा मान देऊन काढावं तेवढा दिला.

गोयाच्या आजाराचंही तेच. नेमका कोणता आजार यावर डॉक्टरांनी आजवर पुष्कळ तर्क केलेत, आधीच्या आजाराबद्दल तर रंगातल्या शिशाच्या विषबाधेपर्यंत. ते वैद्यकीय कुतूहल म्हणून ठीक आहे. चित्र समजायला त्याचा उपयोग कमीच, कारण गोयाने आजार काढलेला नाही, आजारात धरलेला हात काढलाय.

## "एवढं सगळं माहीत नसेल तर आम्ही चित्र बघायचंच नाही का?"

बघायचं, आणि माहिती शोधायच्या आधी बघायचं. वर जे हात, वजन, नजर, फिकट आणि धडधाकट चेहरे याबद्दल लिहिलं त्यातल्या कशालाही स्पॅनिश यावं लागत नाही की कलेचा इतिहास यावा लागत नाही, ज्याने घरात आजारपण काढलंय त्याला तर ते अभ्यासकापेक्षा आधी कळेल. माहितीने दुसरा थर उघडतो, नवसाचा, संताच्या रिकाम्या जागेचा, गाढव-डॉक्टरचा. पण पहिला थर तुमचा स्वतःचा आहे आणि तो कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. मात्र क्रम उलटा झाला की घोळ होतो, आधी रील बघून डोक्यात सैतान बसला की मग ते हात दिसतच नाहीत.

बघताना वेळ द्या एवढंच सांगेन. म्युझियमच्या वेबसाइटवर मोठा फोटो असतो, तो उघडा, आधी हातांवर झूम करा, मग पेल्याच्या काचेवर, मग दोन्ही चेहरे एकत्र येतील एवढं मागे या, आणि मग सगळ्यात शेवटी काळोखात जा, ब्राइटनेस थोडा वाढवला तर मागचे चेहरे जास्त कळतात. आणि फोटो शोधताना खालची पट्टी आहे ना ते तपासा, कारण पुष्कळदा सोशल मीडियावर चित्र चौकोनात बसवायला ती कापून टाकलेली असते आणि मग नवस गेला, साल गेलं, अरिएताचं नावही गेलं, उरतो फक्त एक आजारी म्हातारा आणि त्याला काहीतरी पाजणारा अनोळखी माणूस. विषाच्या कहाण्या त्याच कापलेल्या फोटोवर जुळवतात. गोया त्यानंतर आठ वर्षं जगला, १८२८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेला, आणि तोपर्यंत काम करत राहिला, दगडावरून छापायचं नवीन तंत्र घेऊन बैलांच्या झुंजीची चित्रं त्याने ऐंशीच्या आसपास असताना काढली. पेल्यात काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही, पण ते विष नव्हतं एवढं त्या आठ वर्षांवरून सांगता येतं.